रंगाला फोड येतात तेव्हा

गेले चार शनिवार-रविवार मी एकच काम करतोय. शनिवारी रंग लावायचा आणि रविवारी तोच रंग खरवडून काढायचा. आईचं म्हणणं, एवढ्या वेळात अख्खं घर रंगवून झालं असतं. तिचं बरोबरच आहे. पण घराच्या भिंतीमागे पेट्रोलचं इंजिन चालत नाही, हे तिला कोण सांगणार?

मागच्या वेळी मी डेटाबेसबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते राहिलं. आज फोडांबद्दल.

सुरुवातीपासून सांगतो. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईत बीकेसीला 'मेक इन इंडिया' सप्ताह झाला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान ठेवलं होतं. चारकोपला, कांदिवलीत, इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं! पेपरात फोटो आला आणि आमच्या होस्टेलच्या खोलीत तो भिंतीवर चिकटला. पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये त्या विमानाची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी या नावाने, आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. धुळं म्हणजे आमच्यापासून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव ओलांडून पुढे. एवढ्या जवळ आपल्या माणसाने गच्चीवर बांधलेलं विमान जमिनीवरून उठलं, आणि मी मात्र लॉकडाऊनमध्ये घरात बसून तिकिटं बंद करत होतो. (विमानाची नाही, बगची.)

माझा कॉलेजातला रूम पार्टनर आणि मी, आमचीही गच्ची आहे. सिडकोत. पण आमची उडी लहान. माणूस बसेल असं विमान नाही, रिमोटवर चालणारं, सव्वादोन मीटर पंखांचं. इंजिन मात्र खरंखुरं पेट्रोलचं, 30 सीसी. इथून चिकलठाणा विमानतळ जवळ असल्यामुळे गच्चीवरून ते उडवायचा प्रश्नच येत नाही. ते लांब कुठेतरी, रीतसर परवानगी काढून. गच्चीवर फक्त बांधायचं, आणि खुंटीला बांधून इंजिन चालवून बघायचं. पार्टनर पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीला चाललाय. त्याच्या आधी ते पूर्ण व्हायला पाहिजे, एवढाच आमचा प्रोजेक्ट प्लॅन.

आता इंजिनावर जे कव्हर असतं, गाडीच्या बॉनेटसारखं, त्याला विमानवाले काउलिंग म्हणतात. आमचं काउलिंग फायबरग्लासचं. मॅटचे तीन थर, रेझिन, हार्डनर, सगळं हाताने. हे काही आम्ही खेळण्यासाठी काढलेलं सोंग नाही. अमेरिकेत व्हॅन्स नावाची कंपनी घरी विमान बांधणाऱ्यांसाठी सुटे भाग विकते. त्यांची 11 हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवलेली आहेत. त्यांचं अंग ॲल्युमिनियमचं, पण इंजिनावरचं काउलिंग फायबरग्लासचंच. कारण नाकाजवळची ती गोलाई पत्र्यात काढायची तर कसबी कारागीर पाहिजे. फायबरग्लासला साचा पुरतो.

पहिला रंग आम्ही झोकात मारला. गडद मरून. आषाढातला पावसाळी शनिवार होता. एका गॅरेजवाल्याचा काँप्रेसर उसना आणला, एका संध्याकाळीत तीन हात मारले. रविवारी इंजिन बारा मिनिटं चालवलं. काही झालं नाही. इंजिन बंद केलं, खाली येऊन चहा घेतला, परत वर गेलो तर काउलिंगच्या उजव्या गालावर तळहाताएवढा फोड!

लक्षात घ्या, इंजिन चालू असताना नाही. बंद झाल्यावर. ज्यांनी कधी सर्व्हर सांभाळलाय त्यांना हे माहीत आहे. प्रोसेस व्यवस्थित चालते, आणि बंद करताना मरते.

पार्टनर म्हणाला रंग हलका आहे. मग दुसऱ्या आठवड्यात बाईकच्या सायलेन्सरला मारतात तो चंदेरी, उष्णता सोसणारा स्प्रे आणला. डब्यावर 600 डिग्री लिहिलं होतं. आम्ही खूष. इंजिन चालवलं, बंद केलं, चहा. परत फोड. गंमत म्हणजे रंगाला काही झालं नव्हतं, रंग पठ्ठ्या जसाच्या तसा. त्याच्या खालचं रेझिनच फुगलं होतं. 600 डिग्री सोसणारा रंग 70 डिग्रीला मऊ पडणाऱ्या रेझिनवर मारला, तर रंग टिकतो आणि जमीन सरकते.

या टप्प्यावर बाबा गच्चीवर आले होते. आमचे बाबा वाळूजला एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून रिटायर झाले. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या आजूबाजूला शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले, त्यातलाच एक. कुठला ते महत्त्वाचं नाही. बाबांनी काउलिंग उलटं करून हातात धरलं आणि म्हणाले, "बाहेरून काय बघायलास? आतून बघ आधी."

आणि मी म्हणालो, "बाबा, हे विमान आहे. स्कूटरची टाकी नाहीये."

बाबा "हं" म्हणाले, काउलिंग होतं तसं ठेवलं आणि खाली गेले. पार्टनर माझ्याकडे बघत होता. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो. तीस वर्षं माणूस रंगाचं काम करत होता. त्यांच्या शर्टाला येणारा थिनरचा वास मला अजून आठवतो. आणि ते तिथे नक्की काय करतात हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'नोकरी' लिहिलं की झालं.

तिसरा आठवडा. आम्ही अभ्यास करून आलो होतो. उष्णता काउलिंगपर्यंत तीन रस्त्यांनी जाते. टेकलेल्या भागातून, हवेतून, आणि काहीही न टेकता, नुसत्या किरणोत्सर्गाने. तिसरा रस्ता सगळ्यात वाईट, कारण तो तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. सायलेन्सर 150 डिग्रीवरून 300 डिग्रीवर गेला तर आपल्याला वाटतं दुप्पट. पण हे गणित केल्व्हिनमध्ये करायचं, 423 आणि 573. चौथा घात केला की जवळपास 3.4 पट येतात. आमचा सायलेन्सर काउलिंगच्या उजव्या गालापासून फक्त बोटभर लांब. फोड तिथेच का, याचं उत्तर मिळालं. मोठ्या विमानांत तर धुराच्या पाइपमधले वायू 700-800 डिग्रीचे असतात.

मग चहाच्या वेळचं कोडं. इंजिन चालू असताना पंख्याची हवा आत घुसून सगळं थंड करत असते. बंद केलं की हवा थांबते, पण तापलेलं लोखंड तापलेलंच राहतं. आतली उष्णता वर चढते आणि काउलिंग भाजून निघतं. म्हणून बरेच पायलट खाली उतरल्यावर इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवतात आणि उभं केल्यावर काउलिंगवरचं तेल तपासायचं छोटं झाकण उघडून ठेवतात, कोंडलेली गरम हवा निघून जावी म्हणून.

तर आम्ही आतून ॲल्युमिनियमची टेप चिकटवली. रंग नवीन, परत मरून. इंजिन चालवलं, दोन मिनिटं मंद ठेवलं, बंद केलं. मी ऐटीत इन्फ्रारेडची बंदूक आतल्या टेपवर धरली. 34 डिग्री! पार्टनरला टाळी दिली आणि त्याच हाताने टेपला हात लावला. चटका बसला तो दोन दिवस दुखत होता. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो, समोरचं दृश्यच परावर्तित करतो. म्हणजे बंदुकीने आकाशाचं आणि माझ्या शर्टाचं तापमान सांगितलं होतं. (उपाय सोपा आहे. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर नेम धरायचा.)

पण गालावरचा मोठा फोड खरंच आला नाही. त्याऐवजी काउलिंगच्या माथ्यावर, सायलेन्सरपासून लांब, बारीक बारीक पुटकुळ्या. घामोळ्यासारख्या. आता इथे उष्णतेचं कारण लागू पडेना. पार्टनर म्हणाला, "जाऊ दे, स्टिकर लावू."

मी काउलिंग घेऊन खाली आलो. बाबा पेपर वाचत होते. म्हटलं, "बाबा, जरा बघता का?"

ते काहीच बोलले नाहीत. चष्मा बदलला, दाढीचं ब्लेड मागितलं, शाळेतला माझा जुना भिंग शोधायला लावला. एक पुटकुळी कापली, तिचं टोपण ब्लेडवर उचललं आणि खालची बाजू उजेडात धरली.

"फोडाचा तळ बघायचा," म्हणाले. "वरून सगळे फोड सारखेच. कुठून सुटलंय ते तळाला दिसतं. रंग प्रायमरपासून सुटला, का प्रायमर सामानापासून सुटलं, का सामानच फाटलं."

मग त्यांनी जे अर्ध्या तासात सांगितलं ते मी लिहून काढलंय. थोडक्यात देतो.

एकच मोठा फोड, आतल्या गरम वस्तूच्या आकाराचा, तर उष्णता. रंगावर खर्च करू नका, आत उपाय करा. टोपणाला खालून पांढरी भुकटी किंवा धागे चिकटून आले तर रेझिन सुटतंय. पसरलेल्या बारीक पुटकुळ्या असतील तर रंगाखाली काहीतरी कोंडलंय. थिनर, पाणी, हाताचा घाम, किंवा फायबरग्लासच्या पिनहोलमधली हवा. कोंडलेली हवा 25 डिग्रीवरून 100 वर गेली तर पावपट फुगते. पाणी मात्र वाफ झालं की सोळाशेपटीच्या वर फुगायला बघतं. थेंब दिसतसुद्धा नाही, पण फोड दिसतो.

आणि दोन हातांमध्ये वेळ द्यायचा. थिनर उडून जायला हवा. वरचा थर आधी वाळला तर खालचा थिनर अडकतो आणि ऊन लागलं की उकळून वर येतो. कारखान्यात रंग मारला की भट्टीत जाण्याआधी तेवढ्यासाठीच पार्ट मोकळ्या हवेतून फिरवून आणतात. आम्ही एका संध्याकाळीत तीन हात मारून सकाळी उन्हात ठेवलं होतं.

"हवा कुठली मारली?" बाबांनी विचारलं.

"गॅरेजचा काँप्रेसर."

"कॉक सोडला होता का?"

"कुठला कॉक?"

बाबा उठले, गच्चीवर आले आणि काँप्रेसरच्या टाकीखाली हात घालून एक छोटा कॉक फिरवला. फस्सकन आवाज आला आणि गंजाच्या रंगाचं, दुधाळ पाणी बाहेर पडलं. अर्धा मग तरी असेल. पावसाळी हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. ते काढलं नाही तर बंदुकीतून रंगाबरोबर आपण पाणीही मारतो. मी हसलो. बाबा हसले नाहीत. त्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

"नव्व्याण्णव साल," ते म्हणाले. "असाच पाऊस होता. रात्रपाळीत मारलेल्या टाक्या परत आल्या. घामोळ्यासारखे फोड. चौकशी झाली. काँट्रॅक्टवरचा एक पोरगा होता, पैठणकडचा. टाक्या पुसायचा. उघड्या हाताने टाक्यांना हात लावला, घाम लागला, असं ठरलं. घामानेही असेच फोड येतात, खोटं नाही ते. त्याला काढून टाकलं."

"मग?"

"कॉक सोडायची पाळी माझी होती. त्या रात्री सोडला नव्हता. दोन दिवसांनी लक्षात आलं. तोवर पोरगा गेला होता."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"तू दोन वर्षांचा होतास," बाबा म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी कॉक बंद केला, हात पुसला आणि म्हणाले, "चल, खरवडायला घे."

चौथा आठवडा बाबांच्या पद्धतीने. सगळा रंग उतरवून फायबरग्लासपर्यंत आलो. मग रंगायच्या आधी काउलिंग भाजलं. प्लायवूडचं खोकं, आत जुने 100 वॅटचे दोन बल्ब, एक थर्मामीटर. 60 डिग्रीवर सहा तास. समोर बसून, नजर ठेवून. "ज्याला पुढे तापायचंय त्याला रंगाच्या आधी तापव," हे बाबांचं सूत्र. रेझिनमध्ये जे सुटायचं राहिलेलं असतं ते उघड्यावर सुटून जातं, आणि रेझिनही पुढच्या वेळी जरा जास्त तापमानापर्यंत टणक राहतं. खोक्यातून असा वास आला की आईने खालच्या खिडक्या लावल्या.

मग पिनहोल. भिंगाखाली पृष्ठभाग म्हणजे चाळणी दिसत होता. बारीक पुट्टी बोटाने दाबून भरली, 400 नंबरच्या पेपरने घासली, परत भरली. दोन घटकांचं इपॉक्सी प्रायमर. कॉक सोडून, कोरड्या दुपारी, हातमोजे घालून. दोन हातांमध्ये बाबा घड्याळ घेऊन बसले. आतून जुनी टेप काढून सिरॅमिक पेपर, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, आणि कडा रेझिनने बंद केल्या, नाहीतर तो कागद तेल पिऊन भिजतो. आणि खालची हवा बाहेर जायची खाच मोठी केली, आत यायच्या तोंडाच्या अडीचपट. आम्ही हवा आत घ्यायला मोठी तोंडं ठेवली होती आणि बाहेर जायला चिमूटभर फट. गरम हवेला दार कुठे होतं?

आणि रंग पांढरा. मरूनचं दुःख पार्टनरला झालं. पण बर्ट रूटानने 1975 च्या सुमाराला घरी बांधता येणारी फोम-फायबरग्लासची विमानं काढली, तीही याच कारणाने पांढरीच ठेवायला सांगत. गडद रंग ऊन पितो, खालचं रेझिन मऊ पडतं. आणि 1996 मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एक कॉन्कॉर्ड निळं रंगवलं तेव्हा त्याला ध्वनीच्या दुप्पट वेगाने वीस मिनिटांपेक्षा जास्त उडू नका असं सांगावं लागलं होतं. जिथे कॉन्कॉर्डचं चाललं नाही, तिथे आमच्या मरूनचं काय?

काल संध्याकाळी इंजिन चालवलं. पंधरा मिनिटं. दोन मिनिटं मंद. बंद. या वेळी चहाला कोणी खाली गेलं नाही. आधीच्या मोजणीत इंजिन बंद केल्यावर चार मिनिटांनी काउलिंग बाहेरून 81 डिग्रीवर गेलं होतं. काल 57 वर थांबलं आणि उतरायला लागलं. बाबांनी बंदुकीवर विश्वास ठेवला नाही. पालथा हात काउलिंगच्या गालावर ठेवला, आजारी पोराचा ताप बघतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

ही सगळी उठाठेव नुसत्या दिसण्यासाठी आहे असं कोणाला वाटेल. मोठ्या विमानात तसं नसतं. काल नव्हता तिथे आज फोड दिसला तर आतला धुराचा पाइप तडकलेला असू शकतो. त्यातून झोत येतो, आग लागू शकते, विषारी धूर केबिनमध्ये शिरू शकतो. फोड म्हणजे आतून आलेला निरोप. वर स्टिकर लावणाऱ्याला तो पोचत नाही.

रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं की आमच्या ऑफिसात काही मोठं बिघडलं की नंतर एक रिपोर्ट लिहितात. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. कोणाचंही नाव लिहायचं नाही, असा नियमच आहे.

"नाव लिहीत नाहीत?"

"नाही."

"मग ज्याची चूक त्याला कळतं का?"

"कळतं."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि पोराला काढत नाहीत?"

"नाही काढत."

"मग बरं आहे," ते म्हणाले आणि आमटी मागितली.

आज सकाळी काँप्रेसर परत करायला निघालो तेव्हा टाकीवर पिवळ्या ऑइल पेंटने, जुन्या वळणाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'आधी कॉक सोडा'. गॅरेजवाल्याने विचारलं हे कोणी लिहिलं. मी सांगितलं, आमच्या बाबांनी. ते पेंट शॉपमध्ये होते.

असो. डेटाबेस पुढच्या शनिवारी. नक्की.